ग्रेनेडा सोडून

“ग्रेनेडा सोडून कुठलंही बेट चालेल,” कार्लाईल म्हणाला आणि चीज घालून भट्टीत भाजलेल्या मॅकरोनी पायचा कडेचा करपलेला तुकडा सुरीने सोडवायला लागला. रविवारी चर्चमधून आल्यावर त्याला तो करपलेला तुकडा लागतो, लग्न झाल्यापासून लागतो, आणि तो मिळाला की त्या दिवशी तो कुणावर चिडत नाही. म्हणजे चिडून म्हणाला नाही. मीठ जरा कमी आहे म्हणावं तसं म्हणाला. तमार, आमची मुलगी, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप उघडून बसली होती. तिची बोटं थांबली. तिने आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तुरीचे दाणे घातलेला भात वाढत होते. डाव भांड्याच्या काठाला लागला आणि तेवढ्या आवाजानेसुद्धा मी दचकले. खाई त्याला खवखवे. वाटलं, आता ही विचारणार, का रे डॅडी, ग्रेनेडाच का नको? तमारने विचारलं नाही. नुसते ओठ आवळले, बापाचा राग आला की आवळते तसे. तो राग मला दिसला, आणि मी तो तसाच राहू दिला. मला त्याची सवय आहे.

जुलैत आमच्या लग्नाला वीस वर्षं होतात. कुठल्या तरी बेटावर जा, ही हौस तमारची. अठरा वर्षांची आहे, कॉलेजचं पहिलं वर्ष परवाच संपलं, आणि आई-बापांनी आयुष्यात कधी मजाच केली नाही असा शोध तिला कॉलेजात लागला आहे. शोध खरा आहे. कार्लाईल तीस वर्षं शहराच्या बस दुरुस्त करतो आणि मी लोकांची मुलं सांभाळते, आता म्हातारे सांभाळते. आमच्या फ्लॅटबुशच्या या गल्लीत सगळे तिकडून इथे आलेले, प्रत्येक घरात एकेक बेट राहतं. पण बेटावर जन्मलेला माणूस बेटावर हवा खायला जात नाही. तो घरी जातो, आणि घरी गेला की त्याचं हाड न् हाड वाटून घेतात. तमारला हे पटत नाही. “पर्यटक म्हणून जा ना,” ती म्हणते. “हॉटेलात राहा. कुणी तरी तुमचं अंथरूण घालू दे.” मी आयुष्यभर दुसऱ्यांची अंथरुणं घातली हे तिला ठाऊक आहे, म्हणून ती असं म्हणते. पोर मायाळू आहे.

“बार्बाडोस?” तिने पुन्हा सुरुवात केली.

“मी तिथे सुट्टीवर गेलो तर मावशी विमानतळावरच माझ्या एका हातात रंगाचा डबा देईल आणि दुसऱ्यात ब्रश,” कार्लाईल म्हणाला. तो बार्बाडोसचा. “पंधरा दिवस भिंती रंगवायच्या, आणि वर चाळीस लोक विचारणार, माझ्यासाठी काय आणलंस?”

“जमैका?”

“एक जमैकन खालच्या मजल्यावर राहतो, तेवढा पुरे आहे. भिंतीतून गाणी ऐकू येतात.”

“सेंट लुशिया?”

“छोटं बेट. दुपारपर्यंत बघून होतं.”

“डॅडी, बार्बाडोस त्याहून छोटं आहे. आत्ता माझ्यासमोर लिहिलंय.”

“नकाशावर असेल.”

आपला तो बाब्या. मीही हसले. हसताना बरं वाटलं, वाटलं निसटलं ते, गेला तो विषय. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात, तशी या सहलीला यावीत आणि शेवटी आपण सगळे प्रॉस्पेक्ट पार्कात कोंबडी भाजून खावी, असं मला मनापासून वाटत होतं. पण तमारने पुढचं नाव वाचलं. “आरूबा. इथे जुलैतसुद्धा बिनधास्त जा म्हणतात. वादळांच्या वाटेच्या खाली आहे.” खाली आहे म्हणे. आम्हीही खालीच होतो. लहानपणापासून ऐकत आलो, वादळं वरून जातात, मार्टिनिकला जातात, सेंट लुशियाला जातात, आपल्याकडे येत नाहीत, कारण देव ग्रेनेडाचा आहे. चर्चमध्ये नव्हे, रमच्या दुकानात म्हणायचे, पण सगळे मानायचे. माझी आई कौलाखालचं लाकूड किडलं तरी बदलायची नाही. म्हणायची, देव आपला गाववाला, तो काय छप्पर नेणार आहे का? दोन हजार चारच्या सप्टेंबरात आयव्हन आलं आणि छप्पर गेलं, गावातली जवळजवळ सगळीच छपरं गेली. आमच्या गुयावच्या डोंगरावरची जायफळाची झाडं मुळासकट आडवी झाली. आई जायफळाच्या गोदामात चाळीस वर्षं टरफलं निवडत होती. झाडं पडली आणि ती एका दिवसात म्हातारी झाली, असं शेजारीण फोनवर म्हणाली. आणि जोनेल, माझी मोठी मुलगी, बारा वर्षांची, त्या रात्री आजीला घेऊन पलंगाखाली होती. हे मला नऊ दिवसांनी कळलं. नऊ दिवस मी माझ्या मालकिणीच्या, मिसेस ॲडलरच्या, जुळ्या मुलींना अंघोळी घालत होते, त्यांचे केस विंचरत होते. टीव्हीवर माझं बेट वरून दाखवत होते. जाता येत नव्हतं. माझ्याकडे कागद नव्हते, गेले असते तर परत येऊ दिलं नसतं. म्हणून मी पिंप पाठवलं.

आमच्याकडे आई परदेशी गेली की तिच्या जागी पिंप येतं. कमरेइतकं उंच, जाड पुठ्ठ्याचं, पत्र्याच्या झाकणाचं. ते इथे बैठकीच्या कोपऱ्यात उभं असतं आणि महिनोन्महिने भरत जातं: तांदूळ, साबण, सार्डिनचे डबे, वह्या, चड्ड्या, टूथपेस्ट. मधल्या फटींतून मोजे कोंबायचे. भरलं की माणूस येऊन जहाजावर नेतो आणि सहा आठवड्यांनी तिकडे अंगणात गल्लीभर पोरं जमतात. मी एकोणीसशे शहाण्णवच्या ऑगस्टात निघाले तेव्हा जोनेल साडेचार वर्षांची होती. “सहा महिन्यांत येते,” म्हटलं होतं, व्हिसाही सहा महिन्यांचाच होता. तिच्या बापाचा पत्ता नव्हता. विमानतळावर ती रडली नाही, तिला वाटलं मी मासे आणायला चालले आहे. नंतर पिंपं सुरू झाली. कपड्याचं माप आई अंदाजाने कळवायची, पण बुटांना अंदाज चालत नाही. म्हणून दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी पत्रातून पायाचं चित्र यायचं. वहीच्या पानावर पाय ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची. मी ते पान फुल्टन स्ट्रीटच्या दुकानात न्यायची आणि बुटाच्या तळाला लावून बघायची. दुकानात माझ्यासारख्या तीन-चार जणी असायच्या, कुणी जमैकाची, कुणी सेंट व्हिन्सेंटची, प्रत्येकीच्या हातात एकेक कागदी पाय. आम्ही एकमेकींच्या कागदांकडे बघायचो आणि म्हणायचो, वाढला गं, चांगला वाढला. मुलीचा पाय वाढताना मी असा बघितला. सहाव्या वर्षाचा, सातव्या, आठव्या. अकराव्या वर्षानंतर तो फारसा वाढेना. बाराव्याला तेवढाच. तेराव्यालाही. मला आठवतं, दुकानात उभी राहून मी कागद वर धरला होता आणि मला बरं वाटलं होतं. अजून लहान आहे, म्हटलं. अजून वेळ आहे.

मिसेस ॲडलर वाईट नव्हती. दर वर्षी मे महिन्यात ती मला विचारायची, “व्हर्लिन, यंदा आमच्या ॲनिव्हर्सरीला कुठलं बेट?” आणि मी सांगायची. पाणी कुठलं शांत, वाळू कुठली पांढरी, कुठे मासा ताजा मिळतो, रंगवून रंगवून सांगायची, जी बेटं मी डोळ्यांनी बघितलेली नाहीत त्यांचीसुद्धा. उंटावरून शेळ्या हाकणं मला चांगलं जमायचं. एका वर्षी मी तिला ग्रेनेडाला पाठवलं. पाठवलं म्हणजे तिला तसं वाटावं असं बोलले, कारण मला जोनेलसाठी एक पुडकं द्यायचं होतं. आई जोनेलला इस्त्रीचा फ्रॉक घालून, दोन बस बदलून, ग्रँड आन्सच्या किनाऱ्यावरच्या त्या हॉटेलपर्यंत घेऊन गेली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. मिसेस ॲडलर बाहेर आली, पुडकं दिलं, फोटो काढला. परत आल्यावर फोटो मला दाखवला. “किती गोड आहे गं तुझी मुलगी, आणि किती उंच!” म्हणजे माझी मुलगी केवढी झाली हे माझ्या मालकिणीने माझ्या आधी पाहिलं. फोटोत फाटकाचे गज होते, आणि जोनेलचे पाय फोटोत आले नव्हते. आणि मला भेट म्हणून तिने काय आणलं? जायफळं. छोट्या टोपलीत, वर रिबीन. गुयावच्या गोदामाचा छाप होता त्यावर. मी “थँक्यू मिसेस ॲडलर” म्हटलं. एक जायफळ अजून बेसिनशेजारच्या खणात आहे, घडी केलेल्या टेबलक्लॉथच्या खाली. खण उघडला की वास येतो.

त्या खणाला पाठ लावूनच मी आत्ताही उभी होते.

कारण त्या खणात आणखी एक वस्तू आहे. आणि ती काय आहे हे या घरात दोघांना माहीत आहे. कार्लाईल मला चर्चच्या मासे तळण्याच्या कार्यक्रमात भेटला. तो इथला नागरिक होता. दोन हजार पाचच्या जुलैत आम्ही कोर्टात सह्या केल्या. लोक म्हणाले, कागदांसाठी केलं. कागदांसाठीही केलं, पण माणूस मला आवडला होता, त्याच्या नखांत कायम ग्रीस असायचं आणि तो ते माझ्यापासून लपवायचा. पुढच्या वर्षी मला कागद मिळाले आणि ऑक्टोबरात तमार झाली. सहा महिन्यांच्या आत कार्लाईल एका संध्याकाळी कामावरून येताना फॉर्म घेऊन आला. जोनेलसाठी. सावत्र बापाने भरायचा फॉर्म. मूल एकवीस वर्षांच्या आत असेल तर लगेच आणता येतं. एकवीस पूर्ण झाली की मग रांग, दहा-दहा वर्षांची रांग. त्याने या टेबलावर बसून तो भरला. त्याचं अक्षर वाईट, म्हणून एकेक अक्षर सुटं सुटं काढलं. सही केली, पैसे भरण्याचा कागद जोडला, पाकिटावर पत्ता घातला आणि म्हणाला, “तिचा जन्मदाखला जोड नि उद्या टाक पोस्टात.” मी म्हटलं, “टाकते.”

टाकला नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. नंतर तमारला ताप आला. नंतर जन्मदाखला सापडेना, आणि सापडला तेव्हा मी तो फॉर्ममध्ये घातला आणि फॉर्म टेबलक्लॉथखाली ठेवला, पायांच्या कागदांबरोबर. मी याची कारणं अनेक वेळा जुळवून पाहिली आहेत. रात्रपाळीला म्हाताऱ्यांजवळ बसले की पाहते. खरं कारण एवढंच की मला भीती वाटली. जोनेल फोनवर मला व्हर्लिन म्हणायची आणि आजीला आई. पंधरा वर्षांची, माझ्याहून उंच, परकी मुलगी या घरात येईल, त्या सोफ्यावर बसेल आणि मी तमारला पाजताना माझ्याकडे बघत राहील. काही बोलणार नाही. नुसती बघेल. दहा वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी मला बघून हसत होतं, माझ्याच अंगावर झोपत होतं. ते मला कुणाशी वाटून घ्यायचं नव्हतं. आपल्या पोटच्या पोरीशीसुद्धा. हे वाक्य मी आजवर तोंडातून काढलेलं नाही.

कार्लाईल दोन वर्षं विचारायचा, “उत्तर आलं का?” मी म्हणायची, “वेळ लावतात रे ते.” मग एकदा तो चिकटपट्टी शोधत होता आणि त्याने खण उघडला. मी दारात होते. त्याने पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं, स्वतःचं अक्षर वाचलं, आणि परत टेबलक्लॉथखाली ठेवलं. “पाठव,” एवढंच म्हणाला. “अजून वेळ आहे.” पुढच्या वर्षी आई गेली. मी चौदा वर्षांनी घरी गेले, पाच दिवसांसाठी. जोनेल अठरा वर्षांची झाली होती. दफनानंतर पाहुण्यांना कॉफी देऊन झाल्यावर ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली, पडलेल्या जायफळाच्या बुंध्याजवळ, आणि तिने सरळ विचारलं, “फॉर्म भरलाय का माझा?” माझ्या तोंडातून निघालं, “कार्लाईल तयार होत नाही गं.” आधी ठरवलेलं नव्हतं. तिने बुंध्याची साल नखाने सोलली. मग म्हणाली, “दुसऱ्याचं पोर कोण घरात घेतं म्हणा,” आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्या मुलीने माझी कीव केली, आणि मी ती घेतली.

परत येऊन मी कार्लाईलला सांगितलं. तो बूट काढत होता. “म्हणजे मी?” त्याने विचारलं. मग बराच वेळ दुसरा बूट काढला नाही. मग म्हणाला, “बरं. बार्बाडोसच्या माणसाबद्दल ग्रेनेडात कुणी चांगलं बोलतच नाही, त्यात आणखी एक.” मला वाटलं, विनोद केला म्हणजे सुटले. तो दोन हजार तेराच्या फेब्रुवारीत, एका सकाळी, बसच्या डेपोला निघताना दारात थांबला आणि म्हणाला, “आज तिला एकवीस झाली.” आणि गेला. त्यानंतर आम्ही यावर बोललो नाही. दर नाताळात जोनेलचा फोन येतो. ती तमारशी बोलते, माझ्याशी बोलते, कार्लाईलचं नावही घेत नाही. आणि तो फोन वाजला की कार्लाईल उठून कचरा टाकायला खाली जातो. भरलेला असो वा नसो.

“मम्मी, मला हे चालणार नाही,” तमार म्हणाली. तिने ताट बाजूला सारलं होतं. “जोनेल ताई तिथे आहे. वीस वर्षांनी तुम्ही दोघं सहलीला जाणार, सगळी बेटं चालतात, आणि तिचंच चालत नाही? का? त्याला नको म्हणून?”

“बापाबद्दल ‘त्याला’ म्हणू नकोस,” मी म्हटलं.

“तू नेहमी त्याचीच बाजू घेतेस!”

कार्लाईलने पाण्याचा ग्लास उचलला, प्यायला, खाली ठेवला. तमारने लॅपटॉप आमच्याकडे वळवला. त्यावर निळं पाणी होतं, ग्रँड आन्सचं, आणि पाण्यामागे ते हॉटेल. आता त्याला नवा मजला चढला आहे. “ताई इथेच काम करते. स्वागतकक्षात. मी तिला आत्ता विचारते, जुलैत खोली मिळेल का,” असं म्हणून तिने फोन तिखट सॉसच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि नंबर लावला. मी “नको” म्हणेपर्यंत जोनेलचा चेहरा आलासुद्धा.

ती हॉटेलच्या मागच्या पायऱ्यांवर बसली होती, गणवेशात, छातीवर नावाची पट्टी. कामाची पाळी नुकतीच संपली होती. तेहेतीस वर्षांची आहे. माझ्या आईचं कपाळ घेऊन आली आहे. तमारने बेटांचं पुराण सांगितलं तशी हसली. “इथे या की! जुलैत अर्धं हॉटेल रिकामं असतं. समुद्राकडची खोली देते. फक्त एक, मला तुमच्याबरोबर जेवता येणार नाही. आम्हाला पाहुण्यांच्या टेबलाशी बसू देत नाहीत. आणि लोकांसमोर मी व्हर्लिनला मॅडम म्हणेन, चालेल ना?”

“अनवाणी का बसलीस?” तमारने विचारलं.

“आठ तास काळे बूट घालून उभं राहून बघ. त्यात माझी ही बोटं.” तिने फोन खाली नेला. उजव्या पायाची दोन बोटं आत वळलेली होती, एकमेकांवर चढलेली. मी ती पहिल्यांदा पाहिली. पाच दिवस तिच्याबरोबर एका घरात राहिले होते, पण पायांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. “हे व्हर्लिनच्या बुटांमुळे,” जोनेल म्हणाली, पण हसत, गंमत सांगावी तशी. “अगं, शाळेत एक मुलगी होती, तिची आई टोरांटोला. ती म्हणाली, लहान मुलांनाच नेतात, मोठी झाली की विमानात घेत नाहीत. मी घाबरले. मग पायाचं चित्र काढायची वेळ आली की मी बोटं आत मुडपायची आणि मग पेन्सिल फिरवायची. तीन-चार वर्षं. म्हटलं, व्हर्लिनला वाटू दे मी अजून लहानच आहे, म्हणजे ती येऊन नेईल. मग बूट यायचे छोटे. ते घालावेच लागायचे, नाही तर आजी पत्रात लिहिणार, पोरगी वाढली म्हणून! बोटं मुडपूनच शाळेत जायची. काय मूर्ख असतात ना मुलं?”

तमार हसली नाही. दुकानातला तो कागद मला दिसत होता, वर धरलेला. तेवढाच आहे. अजून वेळ आहे.

“पाय छोटा ठेवून काय होतंय?” जोनेल म्हणाली. “फॉर्म तर कार्लाईलने भरायचा होता. आहे का तो तिथे? फोन द्या की त्याला.”

पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिने त्याचं नाव घेतलं होतं. कचऱ्याची पिशवी घ्यायला त्याला सवड मिळाली नाही. तमारने फोन उचलून त्याच्यासमोर धरला.

“कार्लाईल,” जोनेल म्हणाली, “मी तुझ्यावर फार वर्षं डूख धरला. खोटं कशाला बोलू, तू मरावास असंही एकदा वाटलं होतं. पण यंदा ईस्टरला मी चर्चमध्ये गुडघे टेकले आणि सोडून दिलं. तू नाही भरलास, झालं ते झालं. माफ केलं मी तुला. तूसुद्धा ये जुलैत. तुला कुणी काही बोलणार नाही.”

कार्लाईलने फोनकडे पाहिलं. त्याच्या ओठाच्या कोपऱ्याला चीज लागलेलं होतं, आणि त्यामुळे तो फार म्हातारा दिसत होता. “देव तुझं भलं करो, पोरी,” तो म्हणाला. मग त्याने फोन माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. दारात उभं राहून बस येण्याची वाट बघावी तसा. त्याने वाट बघितली, मला दिसत होतं, आणि माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं, फार लहान वाक्य आहे, चारच शब्दांचं. पाठीला खणाची मूठ टोचत होती. जोनेल फोनमधून माझ्याकडे बघत होती. ती पंधरा वर्षांची असताना ज्या नजरेची मला भीती वाटली होती ती नजर ही नव्हतीच. ही साधी होती, थकलेली, जराशी आनंदी. माफ करून मोकळ्या झालेल्या माणसाची. हे सांगितलं तर तिने ईस्टरला जे सोडलं ते पुन्हा उचलावं लागेल, आणि या वेळी ते माझ्यावर ठेवावं लागेल. तिच्यासाठीच गप्प बसते आहे असं मी स्वतःला सांगितलं. इतक्या सफाईने सांगितलं की मलाच शिसारी आली.

“आम्ही आरूबाला जायचं म्हणतोय गं,” मी म्हटलं.

तिच्या मागे कुणी तरी बादली सरकवली. “आरूबा छान आहे,” ती म्हणाली. “तिथे वादळं येत नाहीत म्हणे.” मग म्हणाली, “ॲनिव्हर्सरीच्या शुभेच्छा हं, दोघांना. मला बस पकडायची आहे.” स्क्रीन काळी झाली. मी फोन पालथा ठेवला.

तमार रडत होती. पण बापाकडे बघून. “झालं तुझ्या मनासारखं?” ती त्याला म्हणाली. “तिने माफ केलं तुला, आणि तू साधं येतो म्हणाला नाहीस. मम्मीला तुझ्यासाठी खोटं बोलावं लागलं. घे, आरूबा तर आरूबा!” आणि ती रागारागाने बटणं दाबायला लागली. तारखा घातल्या, विमान निवडलं. करपलेला तुकडा कार्लाईलच्या ताटात तसाच होता. मी भाताचं भांडं झाकलं. कुणी तरी काही तरी झाकायला हवं होतं. खालच्या मजल्यावर जमैकनचं गाणं सुरू झालं आणि कुणीही त्यावर काही म्हटलं नाही.

“या हॉटेलवाल्यांचा एक फॉर्म आहे,” तमार नाक पुसत म्हणाली. “कशासाठी येताय, किती वर्षं झाली, खोलीत केक ठेवायचा का, त्यावर काय लिहायचं. डॅडी, सांग.”

कार्लाईल खुर्ची मागे सरकवून उठला. ताट उचललं, करपलेला तुकडा कचऱ्यात टाकला, आणि माझ्या शेजारी बेसिनशी येऊन हात धुवायला लागला. नखांतलं ग्रीस तीस वर्षांत निघालेलं नाही, तरी तो घासत राहतो. “मला विचारू नकोस,” तो पाण्याकडे बघत म्हणाला. “फॉर्म आईकडे दे. भरलेला फॉर्म ती फार नीट जपून ठेवते. पोस्टात तेवढा टाकत नाही.”

नळ बंद झाला. तमारचा हात बटणांवर थांबला. तिने बापाकडे पाहिलं, मग त्याची नजर जिथे होती तिथे, माझ्या पाठीमागच्या खणाकडे, आणि मग माझ्याकडे. या वेळी तिचे ओठ आवळलेले नव्हते.

“कुठला फॉर्म, मम्मी?”

मी हात पुसले, खणापासून हललेच नाही, आणि म्हटलं, “हाच गं. आरूबाचा.”